मोठ्या शहराची मॅरेथॉन: हौशी धावपटूंचे अनुभव परस्परविरोधी का असतात आणि त्यांतून काय घ्यावे

प्रश्नकर्त्या धावपटूची परिस्थिती थोडक्यात अशी आहे. त्यांनी अर्धमॅरेथॉन २ तास ५ मिनिटांत पूर्ण केली आहे, सरावात ३० किलोमीटरपर्यंतचे लाँग रन झाले आहेत, आणि आता हजारो धावपटू भाग घेतात अशा एका मोठ्या शहराच्या पूर्ण मॅरेथॉनमध्ये त्यांना प्रवेश मिळाला आहे. तयारीच्या काळात त्यांनी अनेक हौशी धावपटूंचे अनुभव वाचले आणि ऐकले; पण कोणी सांगतो की प्रेक्षकांनी अक्षरशः उचलून नेले, तर कोणी सांगतो की ३२ व्या किलोमीटरनंतर पायांत काहीच उरले नाही. यांतले खरे काय मानावे, ४ तास १५ मिनिटांचे उद्दिष्ट ठेवावे का, आणि घरच्यांनी मार्गावर कुठे उभे राहावे, हे त्यांचे प्रश्न आहेत.

दोन्ही प्रकारचे अनुभव खरे आहेत, आणि पुष्कळदा ते एकाच माणसाचे, एकाच सकाळचे असतात. हौशी धावपटूंना मॅरेथॉनसाठी तयार करताना आणि मोठ्या शर्यतींत पेसर म्हणून, म्हणजे ठरलेल्या वेगाने इतरांच्या पुढे राहून, धावताना मी एक सवय लावून घेतली आहे: कोणी आपला अनुभव सांगू लागला की तो पूर्ण ऐकून घ्यायचा आणि मग त्याच्या दर ५ किलोमीटरच्या वेळा पाहायच्या. मोठ्या शर्यतीत बिबवरील, म्हणजे छातीवर लावलेल्या क्रमांकाच्या कागदावरील, चिपमुळे या वेळा निकालात नोंदलेल्या असतात. धावपटूची गोष्ट बहुधा ३० व्या किलोमीटरपासून सुरू होते, कारण वेदना तिथे होत्या आणि आठवण वेदनेलाच चिकटते. वेळांचा तक्ता मात्र शून्यापासून सुरू होतो, आणि शेवटच्या १२ किलोमीटरांत जे घडले त्याचे कारण त्यात बहुतेक वेळा पहिल्या १० किलोमीटरांतच दिसते. ६ मिनिटे २० सेकंदांच्या पेसची (एका किलोमीटरला लागणाऱ्या वेळेची) तयारी असलेला धावपटू पहिले १० किलोमीटर ६ मिनिटांच्या पेसने धावला, तर त्याच्या हाती ३ मिनिटे २० सेकंदांची कमाई येते. आणि शेवटचे १२ किलोमीटर त्याला साडेसात मिनिटांच्या पेसने काढावे लागले, तर तिथे तो १४ मिनिटे गमावतो. हा हिशेब मी इतक्या वेगवेगळ्या धावपटूंच्या तक्त्यांत पाहिला आहे की गर्दीने उचलून नेले आणि गर्दीने बुडवले ही दोन्ही वाक्ये मला आता एकाच घटनेची दोन टोके वाटतात.

म्हणून पहिल्या १० किलोमीटरांविषयी सर्वांत जास्त लिहितो. शर्यतीच्या आधीचे दोन-तीन आठवडे सराव कमी केल्यामुळे पाय ताजे झालेले असतात, स्नायूंतील साखरेचा साठा भरलेला असतो, आणि स्टार्ट विभागात तास-दीड तास उभे राहिल्यानंतर एकदाचे पळायला मिळते. दोन्ही बाजूंना माणसांच्या रांगा, ढोल, घोषणा, बिबवर नाव छापलेले असेल तर त्या नावाने मारलेल्या हाका. अशा वेळी श्रमाची जाणीव फसवी होते. सरावात ज्या पेसला श्वास वाढलेला जाणवतो, तोच पेस इथे फिरायला निघाल्यासारखा वाटतो, आणि आज आपला दिवस आहे असा समज होतो. हा समज जवळजवळ प्रत्येकाला होतो. तेव्हा तो आपल्या खास तयारीचा पुरावा आहे असे कृपया मानू नये.

यात मार्गाची रचनाही भर घालते. बोस्टनची सुरुवात लांब उताराची आहे आणि न्यूटन या भागातले चढ २६ व्या किलोमीटरच्या आसपास सुरू होऊन ३३ व्याच्या आसपास संपतात. उतारावर मांड्यांच्या स्नायूंनी जे सोसलेले असते त्याची जाणीव या चढांवर होते. लंडनच्या मार्गातही सुरुवातीच्या काही किलोमीटरांत चांगला उतार आहे. न्यूयॉर्कची शर्यत व्हेराझानो पुलाच्या चढाने सुरू होते आणि त्यानंतर लगेच तितकाच मोहात पाडणारा उतार येतो. त्याच मार्गावर २५ व्या किलोमीटरच्या सुमारास क्वीन्सबरो पूल लागतो. त्यावर प्रेक्षक नसतात, फक्त बुटांचा आवाज असतो, आणि पूल उतरून फर्स्ट अव्हेन्यूवर वळताच गर्दीचा आवाज अंगावर येतो. तिथे नकळत पेस वाढल्याचे आणि पुढे त्याची किंमत मोजल्याचे असंख्य हौशी धावपटू सांगतात. आपल्या शर्यतीच्या मार्गाचा चढउतारांचा आलेख आधी पाहून ठेवावा, आणि शांत भागानंतर मोठी गर्दी कुठे येते हेही विचारून घ्यावे. हे दुसरे काम फारसे कोणी करत नाही.

वेगाने सुरुवात करण्याचे नुकसान केवळ थकवा लवकर येण्यापुरते नसते, त्यामागे शरीराचा पक्का हिशेब आहे. धावण्यासाठी प्रति किलोमीटर, वजनाच्या प्रत्येक किलोमागे साधारण १ किलोकॅलरी खर्च होते. म्हणजे ६५ किलो वजनाच्या माणसाला पूर्ण मॅरेथॉनसाठी सुमारे २,७०० किलोकॅलरी लागतात. स्नायू आणि यकृत यांत साठवलेल्या ग्लायकोजेनमधून, म्हणजे साखरेच्या साठ्यातून, यांपैकी अंदाजे १,६०० ते २,००० मिळू शकतात. उरलेली ऊर्जा चरबीतून येते, आणि चरबी प्रत्येकाकडे मुबलक असते. अडचण अशी की वेग जितका जास्त तितका ग्लायकोजेनचा वाटा वाढतो आणि चरबीचा कमी होतो. म्हणून सुरुवातीला प्रति किलोमीटर २० सेकंद वाचवणारा धावपटू जो मर्यादित साठा शेवटासाठी हवा होता तोच आधी जाळून टाकतो. अंगातले बळ अचानक संपण्याला धावपटू वॉल (भिंत) म्हणतात; ती ३० ते ३५ किलोमीटरांदरम्यान गाठते, त्यामागे हा साठा तळाला जाण्याचे मोठे कारण आहे. ३० किलोमीटरच्या लाँग रनमध्ये तिची भेट न झाल्यामुळे आपल्याला ती लागणार नाही असे अनेकांना वाटते, परंतु तो लाँग रन कमी वेगाने आणि साठा संपण्यापूर्वीच संपलेला असतो.

आता उद्दिष्टाविषयी. अर्धमॅरेथॉनच्या वेळेवरून पूर्ण मॅरेथॉनचा अंदाज बांधण्यासाठी पीट रीगल यांचे सूत्र जगभर वापरले जाते. त्याप्रमाणे अर्ध्या अंतराची वेळ दुप्पट न करता साधारण २.०८५ ने गुणावी लागते. २ तास ५ मिनिटांवरून हा अंदाज सुमारे ४ तास २० मिनिटे येतो. माझा अनुभव असा की आठवड्याला भरपूर किलोमीटर धावणाऱ्यांच्या बाबतीत हे सूत्र ठीक उतरते, पण नोकरी-घर सांभाळून आठवड्यात चार दिवस धावणाऱ्या, पहिल्याच मॅरेथॉनला उतरलेल्या माणसाच्या बाबतीत ते उदार ठरते. म्हणून ४ तास १५ मिनिटांचे उद्दिष्ट मी ठेवू देणार नाही. ४ तास ३० मिनिटांची योजना करावी असा माझा स्पष्ट सल्ला आहे. ३२ किलोमीटरनंतर अंगात जोर उरला असेल तर तेव्हा वेग वाढवायला कोणाची हरकत नाही, आणि त्या टप्प्यावर इतरांना मागे टाकत जाण्याचा आनंद फार मोठा असतो.

पूर्णांकाच्या आकड्यांचा मोह किती खोल असतो याचे एक उदाहरण सांगण्यासारखे आहे. अर्थशास्त्रज्ञांनी जवळजवळ १ कोटी मॅरेथॉन निकाल तपासले, तेव्हा ३ तास, ४ तास अशा आकड्यांच्या जरा अलीकडे निकालांची स्पष्ट दाटी आढळली आणि त्या आकड्यांच्या लगेच पलीकडे विरळता. शेवटच्या दोन किलोमीटरांत असा आकडा बळ देऊ शकतो, हे मान्य. पण तोच आकडा पहिल्या १० किलोमीटरांत धावपटूला स्वतःच्या तयारीपेक्षा वेगाने ओढतो, आणि पहिल्या मॅरेथॉनमध्ये हे दुसरे परिणामच अधिक दिसतात.

४ तास ३० मिनिटांसाठी प्रति किलोमीटर ६ मिनिटे २४ सेकंदांचा पेस लागतो, आणि त्याचा हिशेब लक्षात ठेवायला सोपा आहे: प्रत्येक ५ किलोमीटरला ३२ मिनिटे. १० किलोमीटरला १ तास ४ मिनिटे, अर्ध्या अंतराला २ तास १५ मिनिटे, ३० ला ३ तास १२ मिनिटे, ४० ला ४ तास १६ मिनिटे. या वेळा कागदाच्या पट्टीवर लिहून मनगटाला बांधाव्यात. घड्याळ असताना पट्टी कशाला, असे विचारले जाते, त्याचे उत्तर थोडे विस्ताराने देणे आवश्यक आहे, कारण मोठ्या शहरात अनेकांची शर्यत घड्याळावर विसंबल्यामुळे बिघडते.

मॅरेथॉनचे ४२.१९५ किलोमीटर हे अंतर १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमधून आले आणि १९२१ मध्ये कायम झाले. आज मान्यताप्राप्त मार्ग मोजताना पुढच्या चाकावर गणकयंत्र बसवलेली सायकल वापरतात, आणि मोजणी कायदेशीरपणे धावता येईल अशा सर्वांत जवळच्या वाटेने होते, म्हणजे वळणांवर कडेपासून केवळ ३० सेंटिमीटर अंतर राखून. शिवाय मार्ग चुकूनही कमी भरू नये म्हणून दर हजार मीटरला १ मीटर, म्हणजे एकूण सुमारे ४२ मीटर, जादा धरले जातात. लंडन आणि बर्लिनमध्ये ही जवळची वाट रस्त्यावर निळ्या रेषेने दाखवलेली असते. हजारो माणसांच्या गर्दीत आपल्याला ती वाट मिळत नाही. आपण वळणे बाहेरून घेतो, पाण्याच्या टेबलांकडे जातो, हळू चालणाऱ्यांना वळसा घालतो. त्यामुळे फिनिश लाइनवर घड्याळ ४२.६ किंवा ४२.८ किलोमीटर दाखवते, आणि मार्गच जास्त लांब होता अशी तक्रार दर वर्षी ऐकू येते. मार्ग बरोबर असतो, आपण अधिक धावलेलो असतो. घड्याळात ४२.८ किलोमीटर भरणार असतील, तर ४ तास ३० मिनिटांसाठी घड्याळावरचा पेस ६ मिनिटे १८ सेकंदांच्या आसपास असावा लागतो, ६.२४ पाहत समाधानाने धावणारा धावपटू शेवटी चार मिनिटे मागे पडतो.

त्यातच उंच इमारतींमध्ये जीपीएसचे संकेत भिंतींवरून परावर्तित होऊन येतात. शिकागोत सुरुवातीच्याच भागात आणि लंडनमध्ये कॅनरी वॉर्फच्या परिसरात घड्याळे काहीही पेस दाखवू लागतात, आणि ४ मिनिटांचा पेस पाहून घाबरून हळू होणारे, किंवा ८ चा पाहून धावत सुटणारे, असे दोन्ही प्रकारचे धावपटू मी पाहिले आहेत. यावर उपाय साधा आहे: प्रत्येक किलोमीटरची वेळ आपोआप नोंदण्याची (ऑटो लॅप) घड्याळाची सोय बंद करावी, रस्त्यावरील किलोमीटरच्या फलकापाशी स्वतः बटण दाबावे, आणि मनगटावरच्या पट्टीशी ताडून पाहावे. फलक आणि धावलेला वेळ यांवर विश्वास ठेवावा.

सुरुवातीच्या कोंडीविषयीही हेच. पहिला किलोमीटर गर्दीमुळे ७ मिनिटांत झाला, तर ३६ सेकंद गेले, इतकेच. पुढच्या १८ किलोमीटरांत प्रत्येकी २ सेकंदांनी ते भरून निघतात. परंतु फटीफटींतून नागमोडी पळत, पदपथावर चढत-उतरत ते पुढच्याच किलोमीटरमध्ये वसूल करायला गेल्यास अंतरही वाढते, पाय मुरगळण्याचा धोकाही वाढतो आणि श्वासाची लय बिघडते. पहिले ३ किलोमीटर कोणालाही ओलांडायचे नाही, असा नियम मी माझ्याबरोबरच्या धावपटूंना घालून देतो. त्याचबरोबर हे ध्यानात ठेवावे की आपला वेळ स्टार्ट लाइनवरची, चिप टिपणारी पट्टी ओलांडल्यावर सुरू होतो. मागच्या विभागातून तिथे पोहोचायला बराच वेळ लागू शकतो, म्हणून मार्गावरची मोठी घड्याळे आपली नसतात. झेंडा घेतलेल्या पेसरच्या मागे जाणार असाल तर तो आपल्याच लाटेत (एकाच वेळी सोडलेल्या गटात), आपल्याच सुमारास निघाला आहे ना, हे त्याला विचारून घ्यावे.

स्टार्टपूर्वीच्या प्रतीक्षेबद्दल थोडेच. टाकून देता येईल असा जुना स्वेटर अंगात असावा, न्याहारी सुरुवातीच्या अडीच-तीन तास आधी आणि सरावातलीच असावी, शौचालयाची रांग गरज वाटण्यापूर्वीच धरावी, आणि काखा, मांड्या, स्तनाग्रे येथे व्हॅसलीन भरपूर लावावे. आदल्या दिवशी बिब घ्यायला गेल्यावर तिथल्या धावण्याच्या साहित्याच्या प्रदर्शनात तासन्‌तास फिरू नये.

खाण्यापिण्याच्या बाबतीत अनुभवकथनांतून चुकीचे धडे घेतले जाण्याची शक्यता सर्वांत अधिक असते. साडेचार तासांच्या धावण्यात दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके घ्यावीत, आणि एका जेलमध्ये, म्हणजे कर्बोदकांच्या घट्ट द्रवाच्या छोट्या पाकिटात, साधारण २० ते २५ ग्रॅम असतात, म्हणजे दर ३० ते ४० मिनिटांना एक. पहिले जेल ३५ ते ४० मिनिटांनी, भूक किंवा थकवा जाणवण्याच्या खूप आधी, घ्यायचे असते. वॉल लागल्यावर घेतलेले जेल उशिरा पोहोचलेल्या मदतीसारखे असते. प्रेक्षक प्रेमाने जे काही पुढे करतात ते नाकारताना वाईट वाटते, पण लाँग रनमध्ये पोटाने जे स्वीकारलेले नाही ते शर्यतीत तोंडात घालू नये. मार्गावर मिळणारे जेल कोणत्या कंपनीचे आहे हे आधी कळते. तेच सरावात वापरून पाहावे किंवा स्वतःचे बरोबर न्यावे.

पाण्याविषयी जुना समज असा की जितके प्याल तितके चांगले. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमधील ४८८ धावपटूंच्या रक्ताच्या तपासणीत १३ टक्क्यांच्या रक्तातील सोडियम सामान्यपेक्षा कमी आढळले, आणि त्याचा सर्वांत ठळक संबंध शर्यतीदरम्यान वजन वाढण्याशी, म्हणजे गरजेपेक्षा अधिक पिण्याशी, होता. ४ तासांहून अधिक काळ धावणाऱ्यांत हा धोका जास्त दिसला, म्हणून हा मुद्दा प्रश्नकर्त्यांना थेट लागू होतो. तहान लागेल तसे, घोट-दोन घोट प्यावे. प्रत्येक टेबलावर पूर्ण पेला रिकामा करण्याची गरज नाही. याच्या उलट बाजूही आहे: २००७ मध्ये शिकागोत तापमान ३० अंश सेल्सिअसच्या वर गेले आणि आयोजकांना शर्यत मध्येच थांबवावी लागली. दिवस उष्ण निघाला तर मनगटावरची पट्टी खिशात ठेवावी, सुरुवातीपासूनच पेस कमी करावा आणि ४.३० चा विचार सोडून द्यावा. पाण्याच्या पहिल्या टेबलावर झुंबड असते. टेबलांच्या रांगेच्या शेवटच्या टोकाला जावे, तिथे जागाही मिळते आणि सांडलेल्या पेल्यांवरून घसरण्याचा धोकाही कमी असतो.

वेदनाशामक गोळ्यांबाबत माझे मत ठाम आहे. शर्यतीच्या सकाळी किंवा मार्गावर आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या घेण्याची पद्धत हौशी धावपटूंमध्ये दिसते. लांब अंतर धावताना मूत्रपिंडांवर आधीच ताण असतो, या गोळ्या तो वाढवतात आणि सोडियम कमी होण्याच्या धोक्यातही भर घालतात. गोळीशिवाय उभे राहता येत नसेल, तर त्या दिवशी धावू नये.

२० ते ३० किलोमीटरच्या टप्प्याविषयी अनुभवकथनांत फारसे काही सापडत नाही, आणि माझ्या मते शर्यत खरी तिथे ठरते. सुरुवातीचा उत्साह ओसरलेला असतो, शेवट अजून दृष्टिपथात नसतो, प्रेक्षक पातळ झालेले असतात, आणि हजारो लोकांच्या सोबतीत माणूस एकटा पडतो. लंडनमध्ये टॉवर ब्रिजवरचा जल्लोष अर्ध्या अंतराच्या जरा आधी येतो. त्यानंतर अजून अर्धी शर्यत बाकी आहे ही जाणीव अनेकांना हादरवते. या टप्प्यात पेस राखण्यासाठी लागणारा प्रयत्न हळूहळू वाढत जातो आणि मन भरकटले की पेस निसटतो. इथे फार लांबचा विचार न करता पुढच्या फलकापर्यंतचाच विचार करावा, जेल चुकवू नये, खांदे आणि मुठी सैल आहेत ना हे अधूनमधून पाहावे. अर्ध्या अंतराची वेळ दुप्पट करून अंतिम वेळेची स्वप्ने रंगवू नयेत.

३२ नंतर काय होते, हे कोणीही आधी पूर्ण सांगू शकत नाही, तरी काही गोष्टी इतक्या वेळा ऐकल्या आहेत की त्या आपल्यालाही जाणवतील असे धरून चालावे. साधा हिशेब जमत नाही. १० वजा ३ करायला अर्धा किलोमीटर लागतो. डोळ्यांत अकारण पाणी येते. आता थोडेच राहिले असे ओरडणाऱ्या प्रेक्षकाचा राग येतो, आणि शंभर मीटर पुढे एखाद्या लहान मुलाने हात पुढे केला की पायांत बळ येते. या वेळेच्या गटात आजूबाजूचे अनेक जण चालू लागलेले असतात आणि चालणे हे संसर्गजन्य असते. म्हणून नजर चालणाऱ्यांवर न ठेवता, पुढे स्थिर लयीत धावणारी एखादी पाठ निवडून तिच्यामागे राहावे. अशी पाठ बऱ्याचदा एखाद्या महिला धावपटूची असते, कारण मोठ्या शर्यतींच्या निकालांत महिलांचा वेग उत्तरार्धात पुरुषांपेक्षा कमी घसरतो असे पुन्हा पुन्हा दिसले आहे, आणि पेसर म्हणून मीही तेच पाहतो.

चालावे लागले तर त्यात काही कमीपणा नाही, पण ते ठरवून चालावे: पाण्याच्या टेबलापासून पुढच्या खांबापर्यंत, मग पुन्हा धावणे. पोटरीत गोळा आला तर थांबून हळुवार ताण द्यावा आणि पेस कमी करून पुढे जावे. स्नायू जड होणे, मांड्या दुखणे, तळवे जळणे हे त्या अंतराचे भाग आहेत. परंतु वेदनेमुळे पाऊल वाकडे पडू लागले, छातीत दुखले, गरगरले, उकाड्यात अंगावर काटा येऊन थंडी वाजली, किंवा आपण कुठे आहोत याचा गोंधळ उडाला, तर जवळच्या वैद्यकीय पथकाकडे जावे आणि ते सांगतील ते ऐकावे. शर्यत सोडण्याचा अधिकार प्रत्येक धावपटूला आहे, आणि तो वापरणाऱ्या धावपटूबद्दल माझ्या मनात आदरच आहे.

फिनिश लाइन ओलांडल्यावर एकदम थांबू नये. धावताना पोटऱ्यांचे स्नायू पायांतील रक्त हृदयाकडे ढकलत असतात. ते काम अचानक थांबले की रक्त पायांत साठते, रक्तदाब घसरतो आणि माणूस कोसळतो. वेळेच्या शेवटच्या काही सेकंदांसाठी जीव तोडून धावलेल्या आणि रेषेवर उभ्याउभ्या घड्याळाचे छायाचित्र काढणाऱ्या लोकांच्या बाबतीत हे मी अनेकदा पाहिले आहे. पदक घेऊन, अंगाभोवती पांघरूण लपेटून, किमान दहा मिनिटे हळूहळू चालत राहावे. चक्कर वाटल्यास आडवे होऊन पाय वर घ्यावेत. पुढचे दोन-तीन दिवस जिना उतरणे कठीण जाते आणि दुखणे बहुधा दुसऱ्या दिवशी सर्वाधिक असते. किमान एक आठवडा धावू नये, फक्त चालावे. काही जणांना या काळात अनपेक्षित उदासी जाणवते. अनेक महिने ज्याच्यासाठी सकाळी उठलो ते संपलेले असते, तेव्हा तिचे आश्चर्य वाटू देऊ नये. याच आठवड्यात आपले ५-५ किलोमीटरचे टप्पे निकालातून उतरवून घ्यावेत आणि प्रत्येक टप्प्यासमोर तेव्हा काय वाटत होते ते लिहावे, कारण महिनाभराने आठवणीत फक्त शेवटचे काही किलोमीटर उरतात.

राहिला घरच्यांचा प्रश्न. बहुतेक कुटुंबे सुरुवातीला आणि शेवटी उभी राहतात, आणि नेमक्या त्याच दोन जागी त्यांची गरज सर्वांत कमी असते. सुरुवातीला उत्साह आवरायचा असतो आणि शेवटी रेषा दिसत असते. त्यांना ३० ते ३५ किलोमीटरच्या दरम्यान, प्रेक्षक विरळ असतील अशा ठिकाणी उभे राहायला सांगावे. रस्त्याची डावी बाजू की उजवी, हे आधी ठरवावे, आणि त्यांनी दुरून ओळखू येईल असा एखादा गडद रंगाचा फलक किंवा छत्री हातात धरावी, कारण दाट गर्दीत धावपटूला शोधण्यापेक्षा धावपटूने त्यांना शोधणे सोपे जाते. आपण तिथे साधारण किती वाजता पोहोचू, याची वेळ चिपवेळेच्या हिशेबाने, स्टार्ट लाइन ओलांडण्यास लागणारा वेळ मिळवून, लिहून द्यावी. शर्यतीनंतर भेटण्याची जागा फिनिश लाइनपाशी ठरवू नये. तिथे थांबू देत नाहीत, बॅग परत मिळण्याचे ठिकाण पुढे बरेच लांब असू शकते, आणि इतक्या माणसांच्या एकाच वेळच्या वापरामुळे फोन लागत नाहीत. बाहेर पडण्याच्या मार्गापासून थोडे दूर, नाव सांगता येईल असा एखादा चौक किंवा इमारत निश्चित करावी, आणि ती आदल्या दिवशी सर्वांनी एकत्र जाऊन पाहून यावी.